जास्तीच्या मिती आकाशात शोधायच्या म्हणजे नेमकं काय मोजायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कृष्णविवराच्या सावलीवरून पाचवी मिती सापडेल, गुरुत्वीय लहरींवरून सापडेल, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. खगोलीय निरीक्षणांतून अवकाशाच्या जास्तीच्या मिती खरोखर तपासता येतात का? यातली भक्कम कसोटी कुठली आणि नुसती बातमी कुठली? आणि हिंगोलीत होणाऱ्या लायगोचा, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या उपकरणाचा, यात काही वाटा असेल का?"

तपासता येतात. पण 'जास्तीच्या मिती आहेत की नाहीत' या प्रश्नाचा निकाल कुठलीच दुर्बीण लावत नाही. दुर्बीण तपासते ते एखादं ठरावीक प्रारूप: मिती किती, किती मोठ्या, सपाट की वक्र, आणि त्यांच्यात शिरायची मुभा कोणाला. एवढं ठरल्याशिवाय मोजायचं काय हेच कळत नाही. बातम्यांतला निम्मा गोंधळ इथेच होतो, कारण 'पाचवी मिती' या एकाच नावाखाली मायक्रोमीटरची मिती आणि लाखो प्रकाशवर्षांची मिती अशा दोन्ही गोष्टी खपवल्या जातात.

म्हणून आधी मापं. थिओडोर कालुझा यांनी १९२१ मध्ये पाचवी मिती मांडली आणि ऑस्कर क्लाइन यांनी १९२६ मध्ये ती गुंडाळलेली, अतिसूक्ष्म असावी असं सुचवलं. ती इतकी लहान मानली जायची की तिची परीक्षा घेण्याचा विचारही कोणी करत नव्हतं. चित्र पालटलं १९९८ मध्ये. निमा अर्कानी-हमेद, सावास दिमोपुलोस आणि गिया द्वाली यांनी विचारलं: बाकीच्या बलांपुढे गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं का? त्यांचं उत्तर असं की गुरुत्वाकर्षण मुळात दुबळं नाहीच. प्रकाश, इलेक्ट्रॉन, आपण सगळे तीन मितींच्या पटलाला चिकटलेले आहोत. गुरुत्वाकर्षण मात्र जास्तीच्या मितींतही पसरतं, त्यामुळे आपल्या वाट्याला त्याचा थोडाच अंश येतो. गुरुत्वाकर्षणाची मूळ ऊर्जापातळी १ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (पुढे टीईव्ही) आसपास धरली, तर मितींचं माप आपोआप ठरतं. जास्तीची मिती एकच असेल तर ती सूर्यमालेच्या मापाची निघते, आणि ते तर ग्रहांच्या कक्षांनीच केव्हाच खोटं ठरवलंय. दोन असतील तर मिलिमीटरच्या आसपास. तीन असतील तर काही नॅनोमीटर. गंमत म्हणजे १९९८ मध्ये मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावर न्यूटनचा व्यस्त वर्गाचा नियम कोणी नीट तपासलेलाच नव्हता, त्यामुळे ही कल्पना उघडपणे चूक आहे असं कोणालाच म्हणता येईना.

पुढच्याच वर्षी लिसा रँडल आणि रमण सुंद्रम यांनी वक्र मितींची दोन प्रारूपं दिली. पहिल्यात मिती आखूड पण अतिशय वक्र. दुसऱ्यात ती अनंत लांब, तरी तिच्या वक्रतेमुळे गुरुत्वाकर्षण आपल्या पटलापाशीच बांधलेलं राहतं. दुसऱ्या प्रारूपात महत्त्वाचा आकडा मितीच्या लांबीचा नाही, वक्रतेच्या त्रिज्येचा. पुढे 'वक्रता-त्रिज्या' म्हणेन ती हीच.

आकाशातल्या प्रत्येक कसोटीला एक प्रतिस्पर्धी जमिनीवर बसलेला आहे, तोही लक्षात ठेवा. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला गट बारीक तारेला टांगलेल्या तबकड्यांचा पीळ मोजून अगदी कमी अंतरावरचं गुरुत्वाकर्षण तपासतो. २००७ मध्ये ते ५६ मायक्रोमीटरपर्यंत पोचले, २०२० मध्ये ५२ पर्यंत. त्यांच्या २०२० च्या निकालानुसार सर्वांत मोठी जास्तीची मिती ३० मायक्रोमीटरपेक्षा मोठी असू शकत नाही. केसाच्या जाडीहून हे कमी आहे. आकाशातून काढलेली मर्यादा याहून सैल असेल तर ती शोधनिबंधाला चालेल, निसर्गाबद्दल मात्र ती नवं काही सांगत नाही.

आता भक्कम कसोटीकडे येतो. ती कुठल्याही छायाचित्रात नाही. ती आहे १९८७ साली जमिनीखालच्या टाक्यांत सापडलेल्या सुमारे दोन डझन न्यूट्रिनोंमध्ये, म्हणजे द्रव्यातून जवळजवळ न अडता आरपार जाणाऱ्या अतिहलक्या कणांमध्ये.

२३ फेब्रुवारी १९८७ रोजी, भारतीय वेळेनुसार दुपारी एक वाजून पाच मिनिटांच्या सुमारास, मोठ्या मॅगेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या एका ताऱ्याचा गाभा कोसळल्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवर पोचले. अंतर सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं. जपानच्या कामिओका खाणीतल्या पाण्याच्या टाकीत अकरा, अमेरिकेत ओहायोतल्या मिठाच्या खाणीतल्या टाकीत आठ आणि कॉकेशसमधल्या बाक्सान इथे पाच न्यूट्रिनो टिपले गेले. सूर्य त्याच्या हजार कोटी वर्षांच्या सगळ्या आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल तिच्या शेकडो पट ऊर्जा दहाएक सेकंदांत बाहेर पडली, आणि तिच्यातली जवळजवळ सगळी न्यूट्रिनोंनी नेली. दृश्य प्रकाशाच्या वाट्याला शेकड्यात एक भागसुद्धा आला नाही.

याचा मितींशी संबंध काय? गुंडाळलेल्या मितीत ग्रॅव्हिटॉन, म्हणजे गुरुत्वाकर्षण वाहून नेणारा कण, फिरू लागला की आपल्याला तो वस्तुमान असलेल्या कणासारखा दिसतो. मिती गोल असल्यामुळे तिथे त्याला हवा तो संवेग घेता येत नाही, ठरावीक पायऱ्यांचाच घेता येतो. म्हणून अशा जड ग्रॅव्हिटॉनांची एक लांबलचक शिडी तयार होते. तिलाच कालुझा-क्लाइन मनोरा म्हणतात. मिती जितकी मोठी तितक्या पायऱ्या जवळजवळ. १ मायक्रोमीटर त्रिज्येच्या मितीत दोन पायऱ्यांमधलं अंतर सुमारे ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरतं.

आता कोसळलेला गाभा घ्या. तापमान सुमारे ३० एमईव्ही, म्हणजे ३ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि घनता अणुकेंद्रकातल्या द्रव्याएवढी. ३ कोटीला ०.२ ने भागा: एका मितीत १५ कोटी पायऱ्या या तापमानाच्या आवाक्यात येतात. अशा दोन मिती असतील तर १५ कोटी गुणिले १५ कोटी, म्हणजे एकावर १६ शून्यांहून जास्त प्रकारचे ग्रॅव्हिटॉन. त्यातला एकेक ग्रॅव्हिटॉन तयार होण्याची शक्यता गुरुत्वाकर्षणाइतकीच क्षुल्लक, पण एवढ्या प्रकारांची बेरीज झाली की ती क्षुल्लक राहत नाही. न्यूट्रॉन न्यूट्रॉनवर आदळतो, त्या धक्क्यात ग्रॅव्हिटॉन सुटतो, आणि तो कशालाच फारसा अडत नसल्यामुळे थेट ऊर्जा घेऊन पसार होतो. न्यूट्रिनो मात्र त्या दाट गाभ्यात अडकत, ठेचकाळत, सावकाश झिरपतात. त्यामुळेच त्यांचा झोत दहा सेकंद चालतो.

म्हणजे मोजायचा आहे तो झोताचा कालावधी. ग्रॅव्हिटॉनांनी ऊर्जेवर डल्ला मारला तर गाभा झपाट्याने थंड होईल आणि न्यूट्रिनोंचा झोत मध्येच आटेल. कामिओकातल्या नोंदी या दृष्टीने बघण्यासारख्या आहेत. बहुतेक न्यूट्रिनो पहिल्या दोन सेकंदांत आले, मग सातेक सेकंद काहीच नाही, आणि नवव्या ते साडेबाराव्या सेकंदांच्या दरम्यान शेवटचे तीन. कालावधीबद्दलचा युक्तिवाद बऱ्याच अंशी त्या उशिरा आलेल्या तिघांवर टेकलेला आहे. एवढ्या थोड्या पुराव्यावर एवढा मोठा निष्कर्ष, असं वाटणं साहजिक आहे. पण इथे बारीक आकडेमोडीची गरजच नाही. ऊर्जेचा हिशेब ढोबळमानाने जुळला तरी पुरतो. गेओर्ग राफेल्ट यांनी यासाठी एक सोपा निकष दिलाय: गाभ्यातल्या दर ग्रॅममागे दर सेकंदाला १० चा १९ वा घात एवढ्या अर्गपेक्षा (अर्ग हे ऊर्जेचं एकक) जास्त ऊर्जा कुठल्याही नव्या वाटेने जाता कामा नये. अ‍ॅक्सिऑनसारख्या दुसऱ्या काल्पनिक कणांसाठीही हाच निकष वापरतात.

तो लावला की दोन मितींच्या बाबतीत त्यांचं माप सुमारे ०.७ मायक्रोमीटरच्या आत यावं लागतं, आणि गुरुत्वाकर्षणाची मूळ ऊर्जापातळी १ टीईव्हीऐवजी ३० ते ५० टीईव्हीच्या वर ढकलली जाते. सिअ‍ॅटलच्या तबकड्या आज ज्या ३० मायक्रोमीटरला पोचल्या आहेत, त्याच्या चाळीसपट खालचा निकाल त्या दोन डझन न्यूट्रिनोंमधून २००० च्या आसपासच निघाला होता. १९९८ च्या कल्पनेचं सगळं आकर्षण १ टीईव्हीत होतं, आणि दोन मितींपुरतं ते तिथेच संपलं.

या कसोटीतही एक गृहीतक होतं: गाभ्यातून न्यूट्रॉन तारा जन्मला आणि त्याच्या थंड होण्यातून ते उशिराचे न्यूट्रिनो आले. तो न्यूट्रॉन तारा मात्र सदतीस वर्षं कोणाला दिसलाच नाही. त्यामुळे काही जणांनी असाही मुद्दा मांडला की स्फोटाची रीतच वेगळी असेल, तर थंड होण्यावरून काढलेल्या साऱ्या मर्यादा लोंबकळतात. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्या अवशेषाच्या मध्यभागी आयनीभूत आर्गॉन आणि गंधकाच्या वर्णरेषा टिपल्या. आत तीव्र प्रारणाचा उगम, म्हणजे बहुधा न्यूट्रॉन तारा, असल्याशिवाय त्या तशा दिसणार नाहीत. ती बातमी आली तेव्हा मितींचं नाव कुठे छापलेलं पाहिलं नाही. माझ्या लेखी मात्र ती मितींच्या मर्यादेला मिळालेली बळकटीच होती.

याच युक्तिवादाचं पुढचं पाऊल मला सर्वांत आवडतं. स्टीन हॅनेस्टॅड आणि राफेल्ट यांच्या लक्षात आलं की जन्मलेले बरेचसे जड ग्रॅव्हिटॉन तापमानाच्या मानाने जडच असणार, सुमारे १०० एमईव्हीचे, म्हणजे वेगाने मंद. न्यूट्रॉन ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण एवढं प्रखर असतं की त्यातला मोठा भाग सुटून न जाता त्याच्याभोवतीच घिरट्या घालत राहील. मग ते अब्जावधी वर्षांच्या सावकाशीने दोन-दोन गॅमा किरणांत मोडत राहतील. यातून दोन गोष्टी दिसायला हव्यात: म्हाताऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांतून गॅमा किरणांचा मंद झोत, आणि त्या किरणांचा मारा सतत अंगावर घेत राहिल्यामुळे ताऱ्याचा पृष्ठभाग अपेक्षेपेक्षा गरम.

पृष्ठभागाच्या कसोटीसाठी त्यांनी जुना, निवलेला पल्सार, म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक वेळाने स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा घेतला, पीएसआर जे०९५३+०७५५. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून त्याची औष्णिक दीप्ती सूर्याच्या एक लक्षांशाच्या आसपास भरते. म्हणजे आत कुठली छुपी शेगडी असलीच, तर ती याहून मोठी असू शकत नाही. या एका थंड ताऱ्यावरून दोन मितींसाठी मर्यादा ०.७ मायक्रोमीटरवरून ०.१६ नॅनोमीटरवर उतरते, म्हणजे एका अणूच्या मापाला येते. ऊर्जापातळी हजार टीईव्हीच्याही पलीकडे जाते.

गॅमा किरणांची बाजू फर्मी दुर्बिणीच्या गटाने २०१२ मध्ये तपासली. गॅमा किरणांत मंद असलेले सहा न्यूट्रॉन तारे, ११ महिन्यांची निरीक्षणं, दोनपासून सातपर्यंत मिती, आणि ताऱ्याचं वय, ग्रॅव्हिटॉनांच्या कक्षा, चुंबकावरणात होणारं शोषण हे सगळं जमेला धरून केलेला हिशेब. निकाल असा की तीन किंवा कमी मितींसाठी ही मर्यादा जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कण-प्रवेगकाच्या त्या वेळच्या मर्यादेपेक्षा कडक होती, चार मितींसाठी तिच्या बरोबरीची. चारच्या पुढे मात्र प्रवेगक सरस ठरतो. कारण उघड आहे: मिती वाढल्या की त्या आखूड होतात, पायऱ्या दूर-दूर जातात, आणि ३० एमईव्हीच्या भट्टीच्या आवाक्यात फारशा पायऱ्या उरत नाहीत.

रँडल-सुंद्रम यांच्या पहिल्या प्रारूपावर याच कारणाने सुपरनोव्हाचा, म्हणजे १९८७ सारख्या ताऱ्याच्या स्फोटाचा, काही इलाज चालत नाही. तिथे शिडीची पहिलीच पायरी टीईव्हीच्या पातळीवर असते. गाभा कितीही तापला तरी तिथवर हात पोचत नाही, ते काम जिनिव्हाचंच. आणखी एक पळवाट सांगायला हवी. जड ग्रॅव्हिटॉन गॅमा किरणांत न मोडता हलक्या ग्रॅव्हिटॉनांत किंवा दुसऱ्याच एखाद्या पटलावरच्या कणांत मोडत असतील, तर पल्सारवरून काढलेल्या मर्यादा ढिल्या पडतात. न्यूट्रिनोंची मर्यादा मात्र टिकते, कारण ऊर्जा गाभ्याबाहेर गेली एवढंच तिथे मोजलं जातं. पुढे तिचं काय झालं याच्याशी तिला देणंघेणं नाही. या दोघींतून एक निवडायला सांगितली तर मी कमी कडक असली तरी न्यूट्रिनोंचीच निवडेन.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. २०२२ मध्ये मिगेल मोंटेरो, कमरून वाफा आणि इरेने वालेन्सुएला यांनी 'डार्क डायमेन्शन' ही कल्पना मांडली. कृष्ण ऊर्जेची घनता इतकी कमी का, याचा धागा धरून ते मायक्रोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे साधारण ०.१ ते १० मायक्रोमीटरच्या एका मितीपर्यंत येतात. एकच का? दोन का नाहीत? उत्तर आहे तोच थंड पल्सार. दोन मितींना तो अणूएवढीच जागा देतो. एका मितीला मात्र ४४ मायक्रोमीटरपर्यंत मोकळीक देतो. तबकड्यांची मर्यादा ३० ची. म्हणजे ०.१ ते १० चा पट्टा अजून तपासायचा राहिलेला आहे, आणि तिथे आता आकाशापेक्षा प्रयोगशाळेकडूनच जास्त आशा आहे.

मर्यादा भक्कम दिसते, आकडा नेमका असतो, निरीक्षणही चोख असतं, आणि तरी ती खाली येते. याचं उदाहरण रँडल-सुंद्रम यांच्या दुसऱ्या प्रारूपात मिळतं. २००२ च्या सुमारास ताकाहिरो तानाका यांनी, आणि स्वतंत्रपणे रोबेर्तो एम्पारान, अलेस्सांद्रो फाब्री व नेमान्या कालोपर यांनी असा युक्तिवाद केला की या प्रारूपात मोठी कृष्णविवरं स्थिर राहूच शकत नाहीत. कृष्णविवरातून अतिशय सावकाश निसटणाऱ्या नेहमीच्या हॉकिंग प्रारणाने सूर्याएवढ्या वस्तुमानाचं कृष्णविवर विरायला एकावर ६७ शून्यं इतकी वर्षं लागतील. इथे मात्र वक्रता-त्रिज्या १ मिलिमीटर असेल तर तेच कृष्णविवर सुमारे १२० वर्षांत संपतं. वस्तुमान दहापट केलं की आयुष्य हजारपट, वक्रता-त्रिज्या दहावा हिस्सा केली की आयुष्य शंभरपट.

मग काम सोपं झालं: म्हातारं कृष्णविवर शोधा. दिमित्रिओस साल्टिस यांनी २००७ मध्ये एक्सटीई जे१११८+४८० हे आकाशगंगेच्या चकतीपासून दूर भटकणारं कृष्णविवर घेतलं. त्याच्या गतीवरून त्याचं वय किमान १ कोटी १० लाख वर्षं निघतं, म्हणून वक्रता-त्रिज्या ८० मायक्रोमीटरच्या आत. पुढे एनजीसी ४४७२ या दीर्घिकेतल्या एका गोलाकार तारकागुच्छातलं कृष्णविवर घेतलं गेलं. असे गुच्छ हजार कोटी वर्षांचे असतात. ती आकडेमोड तुम्ही वरच्या सूत्रावरून घरीच करू शकता: दहा सूर्यांचं वस्तुमान, हजार कोटी वर्षं, उत्तर ३ ते साडेतीन मायक्रोमीटर. तबकड्यांच्या दहापट पुढे.

कृष्णविवर आणि तारा यांच्या जोड्यांच्या कक्षाही तपासल्या गेल्या. कृष्णविवराचं वस्तुमान घटत असेल तर जोडी हळूहळू लांब जायला हवी. प्रत्यक्षात एक्सटीई जे१११८+४८० ची चार तासांची कक्षा वर्षाला जवळजवळ दोन मिलिसेकंदांनी आखडतेय, तीही साध्या गणितापेक्षा पुष्कळ वेगाने. मितींचा विषय काढण्याआधी तिथे शेजारच्या ताऱ्याचं चुंबकत्व आणि त्याच्याकडून होणारी वस्तुमानाची गळती यांचाच उलगडा व्हायचाय.

आणि मग २०११ मध्ये पाऊ फिगेरास आणि टोबी वाइझमन यांनी संगणकावर समीकरणं सोडवून दाखवलं की या प्रारूपात मोठी, स्थिर कृष्णविवरं असू शकतात. झपाट्याने विरण्याचा मूळ युक्तिवादच डळमळला. कोणाचंही निरीक्षण चुकलं नव्हतं, कृष्णविवरांची वयं होती तीच राहिली. पण ३ मायक्रोमीटरच्या त्या आकड्याखालची जमीन सरकली. आजही एखाद्या लेखात तो छातीठोकपणे दिलेला दिसला की माझी भुवई उंचावते.

आता सावल्यांकडे, म्हणजे कृष्णविवराभोवतीच्या चमकत्या कड्यातल्या काळ्या भागाकडे. इथे फार वेळ घालवण्यासारखं नाही, पण बातम्या सर्वांत जास्त याच विषयाच्या असतात. १० एप्रिल २०१९ रोजी इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने एम८७ या दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराभोवतीचं कडं दाखवलं. व्यास ४२ मायक्रो-आर्कसेकंद, अनिश्चितता ३. त्यावरून सनी वान्योत्सी आणि लुका विसिनेल्ली यांनी वक्रता-त्रिज्येची मर्यादा काढली ती १७० खगोलीय एककांच्या आसपास आहे. म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या १७० पट! तबकड्या मायक्रोमीटरची भाषा बोलतायत, आणि इथे वक्रता-त्रिज्या सूर्यमालेहून फार मोठी नाही एवढंच कळतं. त्या लेखकांनी पद्धत दाखवली होती, शोधाचा दावा केला नव्हता. बातमीत तेवढं गळून पडतं.

सावलीचा एक उपयोग मात्र वेगळा आहे, आणि त्याचा पुण्याशी खराखुरा संबंध आहे. २००० मध्ये आयुकातले नरेश दधीच आणि त्यांचे सहकारी रॉय मार्टेन्स, फिलिप्पोस पापादोपुलोस व वाहिद रेझानिया यांनी पटलावरच्या कृष्णविवराचं एक उत्तर काढलं. विद्युतभारित कृष्णविवराच्या सूत्रात भाराचा वर्ग येतो, तो नेहमी धनच असतो. या उत्तरात त्याच जागी जास्तीच्या मितीकडून आलेला 'टायडल चार्ज' बसतो, आणि तो ऋणही असू शकतो. ऋण असेल तर सावली नेहमीपेक्षा थोडी मोठी दिसायला हवी. चांगली कल्पना आहे, कारण हा परिणाम मितीच्या लांबीशी थेट बांधलेला नाही. अडचण अशी की सावलीचा आकार वस्तुमान आणि अंतरावर ठरतो, एम८७ च्या बाबतीत वस्तुमानच अनेक वर्षं वादात होतं, आणि कड्याभोवतीचा तापलेला वायू नेमका कुठे चमकतो हे प्रारूपांवरूनच ठरवावं लागतं. दहा टक्क्यांच्या गोंधळात दोन-चार टक्क्यांची मिती शोधणं झालं हे. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या सॅजिटॅरियस ए* चं वस्तुमान ताऱ्यांच्या कक्षांवरून फार नेमकं कळलेलं आहे, म्हणून मी तिथल्या चित्राकडे जास्त लक्ष देतो.

राहिल्या गुरुत्वीय लहरी. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाले, लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या तशाच उपकरणाने जवळजवळ शंभर सेकंद ती लहर ऐकली, आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला. ज्या दीर्घिकेत हे घडलं ती एनजीसी ४९९३, अंतर १३ कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे सुमारे ४० मेगापार्सेक. या घटनेचं मोल असं की अंतर दोन वेगळ्या वाटांनी मिळालं. दीर्घिकेवरून प्रकाशाने, आणि लहरीच्या उंचीवरून गुरुत्वाकर्षणाने.

तीन मितींच्या अवकाशात लहरीची उंची अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. लहर वाटेत जास्तीच्या मितीत गळत असेल तर ती जास्त झपाट्याने घटेल, आणि आपल्याला उगम आहे त्याहून लांब वाटेल. समजा गळती १ मेगापार्सेकच्या पुढे सुरू होते आणि जास्तीची मिती एक आहे. मग ४० मेगापार्सेकवरची घटना ४० ला ४० च्या वर्गमूळाने गुणून येणाऱ्या, म्हणजे सुमारे २५० मेगापार्सेकवर भासायला हवी. लायगोने स्वतःच्या मापनावरून काढलेलं अंतर मात्र ४० मेगापार्सेकच निघालं, वर ८ आणि खाली १४ ची अनिश्चितता धरून. क्रिस पार्डो, माया फिशबाख, डॅनियल होल्झ आणि डेव्हिड स्पर्गेल यांनी २०१८ मध्ये यावरून काळासकट एकूण मिती किती ते काढलं: ४.०२, अनिश्चितता ०.०७ ते ०.१०. हबल स्थिरांकाची, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाच्या दराची, दुसरी किंमत घेतली तर ३.९८.

फारच सुबक निकाल. पण त्यावरून 'जास्तीच्या मिती नाहीत' असं म्हणायचं नाही. गुंडाळलेल्या मायक्रोमीटरच्या मितीत लहर गळतच नाही. तिथली पहिली पायरी चढायला किमान एक लाख कोटी हर्ट्झच्या आसपासची वारंवारता लागते, आणि लायगो काही हजार हर्ट्झपर्यंतच ऐकतो. दुसऱ्या टोकाला, गळती विश्वाच्या दृश्य त्रिज्येएवढ्या अंतरावर सुरू होत असेल तर ४० मेगापार्सेकवर तिचा मागमूसही लागणार नाही. म्हणजे या निकालाने ज्या मिती मोडीत काढल्या त्या मधल्या मापाच्या, प्रचंड मोठ्या मिती. त्या १.७ सेकंदांवरूनही एक मर्यादा काढलेली आहे: लहर जास्तीच्या मितीतून आडवाटेने येऊन लवकर पोचली असती का? उत्तर निघतं वक्रता-त्रिज्या अर्ध्या मेगापार्सेकच्या आत. ते अंतर सतरा लाख प्रकाशवर्षांचं आहे. यावर काही बोलायलाच नको.

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याचा प्रश्न इथेच येतो. केंद्र सरकारने लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचं हे उपकरण अमेरिकेतल्या दोघांच्या जोडीला बसेल. वरच्या गणितातली सर्वांत मोठी अनिश्चितता कुठून येते ते बघा. जोडीची कक्षा आपल्याकडे तोंड करून असेल तर लहर जोरात ऐकू येते, कडेने असेल तर हळू. त्यामुळे 'जवळची पण कललेली' आणि 'लांबची पण समोरासमोर' या दोन जोड्या लायगोला जवळजवळ सारख्याच भासतात. २०१७ च्या घटनेत हा गुंता रेडिओ दुर्बिणींनी बराच सोडवला. विलीनीकरणातून निघालेल्या झोताची हालचाल मोजल्यावर तो आपल्या दृष्टिरेषेशी सुमारे २० अंश कललेला असल्याचं कळलं. खोडदच्या जीएमआरटीनेही त्या घटनेची रेडिओ दीप्ती कमी वारंवारतेवर टिपली होती. पण प्रत्येक वेळी असा झोत दिसेलच असं नाही.

लहरीचे दोन ध्रुवीकरण-प्रकार वेगवेगळे मोजता आले तर कलंडलेपणा लहरीवरूनच कळतो. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या दोन लायगोंच्या भुजा मुद्दाम जवळजवळ समांतर ठेवलेल्या आहेत, त्यामुळे ते दोघं बहुतांशी एकच प्रकार ऐकतात. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या दिशांना भुजा असलेलं उपकरण आलं की दुसरा प्रकारही हाती लागतो. एवढंच नाही, काही प्रारूपांत जास्तीच्या मितीमुळे लहरीला तिसरा प्रकार मिळतो, ज्यात अवकाश सगळीकडून एकदम फुगतं-आकसतं. तो वेगळा ओळखायचा तर वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेली जितकी उपकरणं असतील तितकी हवीत. औंढ्याकडून मी हीच अपेक्षा ठेवतो. मायक्रोमीटरच्या मितीबद्दल तिथे काही कळणार नाही. आकाशातून ते कळायचं तर आपल्याच दीर्घिकेत एखादा तारा कोसळावा लागेल. मग सुपर-कामिओकांडेच्या ५० हजार टनांच्या टाकीत अकराच्या जागी हजारो न्यूट्रिनो येतील, आणि झोत नेमका कितव्या सेकंदाला आटला ते आलेखावर बोट ठेवून सांगता येईल.